बन निथळेपर्यंत

वहिनीचा फोन आला तेव्हा जालन्यात झड लागलेली होती आणि मी मस्तगडच्या घरात न वाळणारे कपडे खुर्च्यांच्या पाठींवर पसरत होते. "वन्सं, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली. मग फोन तसाच चालू राहिला, तिच्या बाजूने पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज तेवढा येत राहिला… त्या क्षणी मनात जे आलं ते सांगून टाकते, कारण माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड गोड लिहायचं, हे मला कधी जमलेलं नाही. मला राग आला. आमचं भांडण संपलेलं नव्हतं, खरं तर आत्ता कुठे सुरू झालं होतं, आणि हा मधूनच उठून गेला. लहानपणापासून त्याची हीच खोड. पत्त्यांत हरायला लागला की "पाणी पिऊन येतो" म्हणून उठायचा तो परत यायचाच नाही. आम्ही त्याचे पत्ते तसेच उलटे ठेवून वाट बघत बसायचो.

एसटीने जाफराबाद आणि तिथून जीपने गाव गाठलं तेव्हा दुपार कलली होती. दादाला अंगणात ठेवलेलं होतं, वर ताडपत्री बांधली होती आणि दाराशी लाकडांनी भरलेला ट्रॅक्टर उभा होता. ओंडके जाडजूड होते, जुने होते. मी ओळखले. माझी नजर तिथे खिळलेली पाहून सरपंच जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आक्का, बनाचंच लाकूड काढलं दादासाठी. देवाच्या मंडपामागं ठेवलेलं होतं. दुसरं कोन्तं शोभलं असतं त्यांना?" आमच्या गावात बनाची वाळलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला लावत नसे. आबा, म्हणजे आमचे वडील, जन्मभर त्या बनाचे पुजारी होते, पण त्यांनाही शेतातल्या बाभळीवरच जाळलं. आणि हे इतक्या सहज विचारणाऱ्या सरपंचांचे डोळे खरोखर भरून आले होते, हे तर त्याहून वाईट. खोटं रडत असते तर मला तोंड उघडता आलं असतं.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या उत्तरेला, ओढ्याच्या वळणावर एक बन होतं. बाहेर मैलोन्‌मैल कापूस आणि सोयाबीन, नजर अडायला एक झाड नाही, आणि मध्येच हा हिरवा काळोख. वड, उंबर, अंजन, बेहडा, जांभूळ, करंज… एकेका बुंध्याला आम्ही चार पोरं हात धरून उभी राहिलो तरी वेढा पुरा होत नसे. आत एक शेंदूर लावलेला उभा धोंडा, तो आमचा बनोबा. त्याला देऊळ नव्हतं. देवाला छत चालत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. आम्ही गावचे गुरव, त्यामुळे बनोबाची पूजा आमच्या घरात, आणि कौल लावायचा मानही आमचाच. मान म्हणजे अर्थात घरातल्या पुरुषाचा. मी आबांची थोरली असते तरी तो दादालाच मिळाला असता, धाकटी होते म्हणून प्रश्नच नव्हता. या गोष्टीचा मी आयुष्यभर राग धरला आणि दादाने आयुष्यभर मला त्यावरून चिडवलं.

पावसाळ्यात पूजेला जाताना आबा आम्हा दोघांना बरोबर न्यायचे. बनाच्या शिवेवर एक चिंच होती. तिच्याखाली चपला काढायच्या आणि छत्री मिटून तिच्या खालच्या फांदीला टांगायची. देव उघड्यावर भिजतो आणि आपण छत्रीखालून त्याला हात जोडायचे, हे बरं दिसत नाही, असं आबा म्हणत. मग भिजत आत शिरायचं. पहिली काही पावलं पाऊस अंगावर येई आणि मग एकदम कमी होई, कारण वरचा पाला तो झेलून धरायचा. पायाखाली कुजलेल्या पानांचा जाड, मऊ थर, त्यात पाऊल रुतलं की गार पाणी बोटांमधून वर येई. बुंध्यांवर शेवाळ चढलेलं, उंबराची पिकली फळं चिखलात पडून त्यांचा आंबूस वास सुटलेला, कुठे करंजाच्या खोडाशी कळलावीचं लालपिवळं फूल. दादा पुढे चालायचा. एखादी खालची डहाळी दिसली की हात लावायचा नाही, वाकून जायचा, पण मी बरोबर खाली आले की खोड जोराने हलवायचा. सगळं साठलेलं पाणी माझ्या डोक्यावर. मी किंचाळले की आबा फक्त "हं" म्हणायचे. बनात मोठ्याने बोलायचं नाही, असाही एक नियम होता, आणि त्याची शिक्षा पाणी टाकणाऱ्याला न होता ओरडणाऱ्याला व्हायची.

त्या बनाची एक गंमत होती. बाहेर पाऊस थांबला तरी आत तो थांबत नसे. वरच्या पानांवरचं पाणी खालच्या पानांवर, तिथून आणखी खाली, असा निवांत दुसरा पाऊस कितीतरी वेळ पडत राहायचा. आम्ही घरी पोचायचो ते चिंब होऊन, आणि दारात ऊन पडलेलं असायचं. आई कमरेवर हात ठेवून विचारायची, पाऊस उघडून किती वेळ झाला, कोणत्या ओढ्यात डुंबत होता? आबा पंचा पिळत सांगायचे, "बन निथळून राह्यलं होतं." हे उत्तर आमच्या घरात इतकं पक्कं झालं की पुढे दादा शाळेतून उशिरा आला तरी तेच सांगायचा.

आता कौलाचं सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. बनात काहीही करायचं म्हटलं, अगदी वाटेवर आडवं पडलेलं झाड बाजूला ओढायचं असलं तरी देवाला विचारावं लागे. गुरवाने ओढ्यावर अंघोळ करायची, डोक्यावरून उपरणं घ्यायचं आणि मान खाली ठेवूनच देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटाने एकेक फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. मात्र पावसात कौल लागत नसे आणि पाऊस उघडल्यावरही बन पुरतं निथळेपर्यंत थांबावं लागे. त्याला कारण होतं. देवावर वडाची एक फांदी वाकलेली होती, साठलेलं पाणी तिच्या टोकाशी यायचं आणि थेंब बरोबर देवाच्या डाव्या खांद्यावर पडायचा. इतकी वर्षं पडला होता की तिथे दगडाला खळगा झाला होता. बन निथळत असताना कौल लावला तर डावंच फूल पडणार, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

दादा वीज खात्यात लाइनमन झाला. तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणं हे त्याचं रोजचं काम, साऱ्या तालुक्यातली झाडं त्याने बोडकी केली असतील, आणि त्याचं त्याला काडीचं वाईट वाटत नसे. मी एकदा टोमणा मारला तेव्हा म्हणाला, ती झाडं खात्याची, बन देवाचं. फार विचार करणारा माणूस नव्हताच तो. मिशांना रंग लावायचा, हातात दोन अंगठ्या, लग्नकार्यात सगळ्यांच्या आधी फेटा बांधून घ्यायचा, आणि कुठल्याही वादात शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे असा हट्ट. पण सकाळी पूजेला जाताना हाच माणूस चिंचेखाली चपला अशा हळूच काढून ठेवायचा, जणू आत कुणी झोपलंय.

मग गावाला देऊळ हवंसं झालं. आजूबाजूच्या गावांत सभामंडप उभे राहिले, शिखरं आली, रंगीत दिवे आले, आमचाच देव का भिजत राहिला, असं लोकांना वाटायला लागलं. दुष्टपणे कुणी बोलत नव्हतं. बाया म्हणत, देव उघडा पडलाय, जीव तुटतो. पण मंडप म्हणजे त्यासाठी जागा, जागेसाठी रस्ता, आणि रस्ता सरळ हवा, म्हणजे बनाचा जवळजवळ सगळा मधला भाग. जुन्या माणसांनी तेवढं एक लावून धरलं की कौल झाल्याशिवाय कुऱ्हाड लागणार नाही. म्हणजे सगळं दादाच्या हातावर आलं. मी आदल्या दिवशी गावी जाऊन थडकले. तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मी म्हटलं, डावं पडलं पाहिजे. तो म्हणाला, "पडंल ते समद्यांना दिसंल. मी कोन पाडनार?"

"मंग पडंल असं कर," मी म्हटलं. गावी गेले की माझीही जीभ गावची होते.

त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या ताटात थुंकले होते. वहिनीला म्हणाला, शकूला वाढ.

कौलाच्या दिवशी पाऊस होता. सकाळभर लोक चिंचेखाली ताटकळले. मग पाऊस उघडला आणि सरपंच म्हणाले, उघडला की, लावा आता. जुन्यांपैकी कुणाच्या तरी हे लक्षात यायला हवं होतं की बन अजून निथळतंय, पण सगळ्यांना घाई झाली होती. दादा ओढ्यावर गेला. तेवढ्यात सरपंचांच्या माणसांनी एका नेत्याचा हात जोडलेला फ्लेक्स आणला आणि त्याची दोरी वडाच्या त्याच वाकलेल्या फांदीला बांधून ताणली. बनात दोरी बांधायची नसते. मी म्हटलंसुद्धा तसं, पण बाया मागे उभ्या होत्या आणि मागच्या आवाजाला कोण विचारतो. दादा डोक्यावरून उपरणं घेऊन, मान खाली घालून आला, फुलं लावली, मागे सरला. चहूकडे टपटप चालली होती. मला वाटलं, थांबला नाही म्हणजे केलं याने माझं ऐकून… आणि उजवं फूल पडलं. लोकांनी देवाच्या नावाचा गजर केला. दादा तसाच उभा, पाठमोरा. मी पुढे घुसले आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले की आबांनी बन तुझ्या ओंजळीत दिलं होतं, तू ते यांच्या पायाशी टाकलंस. तो वळला नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं, की याने आपला मानीपणा जपला, सच्चा गुरव ठरला, आणि बन गेलं तर गेलं.

झाडं लगेच तोडली नाहीत. पावसाळा सरला, हिवाळा गेला, उन्हाळ्याच्या तोंडाला मशीनच्या करवती आल्या. एवढा काळ हातात होता. मी फोन करायची. वहिनी म्हणायची, ते बाहेर गेलेत, आणि मागून त्याचा खोकला स्पष्ट ऐकू यायचा. भाऊबीजेला ताट घेऊन दारात उभी राहिले तर हा सकाळीच मंठ्याला कुणा दोस्ताकडे निघून गेलेला. मंठ्याला त्याचा कोण दोस्त होता ते आजवर मला कळलेलं नाही. करवती सुरू झाल्या तेव्हा तो दारं लावून घरात बसून होता, असं वहिनीने नंतर सांगितलं. आवाज तरीही येत होता. देव जागचा हलवला नाही, त्याच्याभोवतीच मंडप उभा केला. पत्रा, खांब, खाली गुळगुळीत फरशी.

यंदा आषाढात त्याला जालन्याला दवाखान्यात आणलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं. दवाखाना माझ्या घरापासून चालत जाण्यासारखा, त्यामुळे आता त्याला बाहेर गेलोय म्हणून सांगायची सोय उरली नव्हती. मी रोज डबा घेऊन जायची. बरेच दिवस आम्ही फक्त भाजीत मीठ किती यावर बोललो. मिशांचा रंग उतरून त्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्याची त्याला माझ्यासमोर लाज वाटायची. एके दिवशी वहिनी औषधं आणायला खाली गेली तेव्हा छताकडे बघत तो म्हणाला, "शके, मी लबाडी केल्ती."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने अडखळत सांगितलं. बन निथळत असताना कौल लावायला तो मुद्दाम तयार झाला होता. डावं फूल त्याने मोजूनमापून त्या खळग्यात ठेवलं, उजवं चांगलं दाबून बसवलं. थेंबावर त्याचा पुरता भरवसा होता. "तू म्हनलीस तसंच केलं. पन थेंब सरकला. आबाच्या टायमापासून डाव्या खांद्यावर पडनारा थेंब त्या दिवशी उजव्यावर पडला. देवानं माझी लबाडी पकडली, मंग मी कोन्या तोंडानं बोलू?" म्हणून तो दारं लावून बसला होता. म्हणून माझा फोन घेत नव्हता. पापी माणसाने बहिणीला काय तोंड दाखवायचं, असं त्याचं चाललं होतं, आणि मी इकडे त्याला हरिश्चंद्राचा अवतार समजून शिव्या घालत होते.

मी म्हटलं, "दादा, देवानं न्हाई. फ्लेक्सची दोरी बांधली होती त्या फांदीला. ताणून. फांदी उजवीकडं ओढली गेल्ती. मी बघितली, पन त्या रागात उमगलं न्हाई, घरी गेल्यावर उमगलं."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आता सांगून राह्यलीस?"

"फोन उचलला असतास तर तवाच सांगितलं असतं."

दोरी मला माहीत होती आणि लबाडी त्याला. दोन्ही गोष्टी एका जागी आल्या असत्या तर त्याला चार जुन्या माणसांपुढे उभं राहून नुसतं एवढं म्हणायचं होतं, की बन निथळलेलं नव्हतं, हा कौल खोटा. लबाडीचं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. निथळायचा नियम गावाचाच होता, नाकारला नसता कुणी. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मी बघितलं. "म्हंजे पुन्हा लावता आला असता," तो म्हणाला. मी "हो" म्हटलं. मी त्याला सोडलं नाही, आजारी माणूस आहे म्हणून दोन गोड शब्द बोलले नाही, कारण ते खरं होतं आणि त्या बनात मीही वाढले होते. तो भिंतीकडे वळला. जरा वेळाने म्हणाला, "पानी दे."

मी पेला भरून दिला. त्याने घेतला, पण प्यायला नाही, तसाच धरून ठेवला. वहिनी वर आली आणि आमचं बोलणं तिथेच राहिलं. नंतर त्याला बरं वाटलं, घरी नेलं, फोनवर तो माझ्याशी हवापाण्याचं बोलायचासुद्धा. त्या विषयाला हात घातला नाही. मी वाट बघत होते की कधीतरी शेवटचा शब्द तो बोलेल, आजवर बोलत आलाय तसा. आणि मग वहिनीचा फोन आला.

तेरावं झाल्यावर वहिनी नि मी बनोबाला नैवेद्य घेऊन गेलो. बन म्हणायची सवय आहे म्हणून म्हणायचं. शिवेवर लोखंडी कमान आहे आणि तिच्या खांबांना दादाचा भलामोठा फ्लेक्स बांधलेला, फेटा घातलेला जुना फोटो, खाली लिहिलंय, बनासाठी आयुष्य वेचलेला थोर भक्त. दोऱ्या मात्र पक्क्या बांधल्यात. पाऊस चांगला लागला होता. मी सवयीने चप्पल काढली, छत्री मिटली आणि टांगायला हात वर केला. चिंच नव्हती. लोक शेजारून उघड्या छत्र्या घेऊन थेट मंडपापर्यंत जात होते, कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मिटलेली छत्री काखेत धरून मी तशीच भिजत गेले.

देवाला नवा शेंदूर लावला होता. मी डाव्या खांद्यावर हात ठेवला. खळगा होता, त्यात कोरडी धूळ बसली होती. वहिनीने नैवेद्य ठेवला, दिवा लावला. वरच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की तिच्या तोंडातलं मला काही ऐकू येईना. मग तो कमी झाला आणि थांबला. मी खांबाला टेकून उभी राहिले. दादा असता तर म्हणाला असता, थांब जरा, निथळू दे… आजूबाजूला फरशी होती, तिच्यावरचं पाणी नाल्यात वाहून गेलं. कुठे एक थेंब पडला नाही.

"वन्सं," वहिनी ताट उचलत म्हणाली, "पाऊस उघडला की. आता कशाला थांबलात?"

मी म्हटलं, चल.